वेशभूषेतील समाधिफेरी

दफनभूमी, समाधिस्थळ किंवा स्मशान यांतून लोकांना चालत नेत, ठरावीक थडग्यांपाशी जुन्या काळचा पोशाख केलेली माणसे उभी करून तिथे विसावलेल्यांची हकिगत त्यांच्याच तोंडची वाटेल अशी सांगणे, या उपक्रमाला वेशभूषेतील समाधिफेरी म्हणता येईल. वारसाफेरी किंवा हेरिटेज वॉक या ओळखीच्या प्रकाराची ही एक शाखा आहे. एरवीच्या फेरीत वाटाड्या इमारत दाखवतो आणि माहिती देतो. इथे दगडाच्या बाजूला माणूस उभा असतो आणि तो ‘मी’ म्हणून बोलतो. प्रथा अमेरिका व ब्रिटनमध्ये रुजलेली आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या सीमाभागाच्या पट्ट्यात मात्र मृतांचे स्मरण दगडापाशी उभे राहून करण्याची रीत तिच्याहून कितीतरी जुनी आहे. म्हणून इथे या प्रथेचा विचार उसन्या खेळासारखा करून चालत नाही.

या प्रथेला दोन धारा येऊन मिळाल्या. पॅरिसमधील पेर लाशेझ (१८०४) आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले माउंट ऑबर्न (१८३१) ही दफनस्थळे बागेसारखी आखलेली होती. झाडे, वळणाच्या वाटा आणि कोरीव स्मारके पाहायला लोक तिथे फिरायला जात. दुसरी धारा संग्रहालयांची. स्टॉकहोममध्ये १८९१ साली आर्टर हाझेलियस यांनी स्कान्सेन हे खुले संग्रहालय उघडले. तिथे जुनी घरे आणून उभारली आणि त्या घरांत त्या त्या भागाच्या पोशाखातली माणसे वावरू लागली. पुढे अमेरिकेतल्या गावोगावच्या इतिहासमंडळांनी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. अटलांटा शहरातील ओकलंड दफनभूमीत (स्थापना १८५०) ऑक्टोबर महिन्यात संध्याकाळच्या अशा फेऱ्या होतात. तिकडे ऑक्टोबरअखेर हॅलोविन असतो, त्यामुळे काही ठिकाणी फेरीला भुताखेतांचे वळण लागते. जाणकार मंडळे ते कटाक्षाने टाळतात.

भारतात युरोपीय दफनभूमींपैकी कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी (१७६७) सर्वांत परिचित. दक्षिण आशियातील अशा थडग्यांची नोंद व जपणूक करण्यासाठी १९७६ साली ब्रिटनमध्ये एक संस्था स्थापन झाली. तिने छापलेल्या शिलालेखांच्या याद्या आजही अभ्यासकांच्या कामी येतात.

फेरीची बांधणी साधी असते. दफनभूमीतली पाच ते आठ थडगी निवडतात. लोकांचे छोटे गट करतात आणि प्रत्येक गटाबरोबर कंदील घेतलेला एक वाटाड्या देतात. प्रत्येक थडग्यापाशी पाच-सात मिनिटांचे निवेदन होते, मग गट पुढे सरकतो आणि पात्र तेच निवेदन पुढच्या गटासाठी नव्याने करते. खरी मेहनत आधीची असते. मृत्युलेख, मृत्युपत्र, जनगणनेची पाने, जुनी वर्तमानपत्रे, घरातली पत्रे यांतून संहिता तयार करावी लागते. संहिता लिहिणाऱ्याने प्रत्येक वाक्यापुढे ‘हे कुठून आले’ असे समासात लिहून ठेवावे. ज्याला समासात उत्तर नाही ते वाक्य कितीही टाळ्या घेणारे असले तरी गाळावे. तिकिटाचे पैसे बहुधा मोडक्या थडग्यांच्या दुरुस्तीला लागतात, आणि प्रथेचा सर्वांत चांगला भाग हाच आहे.

सीमाभागात आल्यावर पहिली अडचण शब्दाची. एक ‘दफनभूमी’ इथे पुरत नाही. मराठा, ब्राह्मण आणि इतर अनेक समाजांत दहन होते. तिथे थडगे नसते, फार तर घाटावर वा मळ्यात एखादी समाधी, छत्री किंवा वृंदावन असते. लिंगायत समाजात मृतदेह बसलेल्या स्थितीत पुरतात आणि स्वामींच्या समाधीला गद्दुगे म्हणतात. मुसलमानांची कब्रस्ताने व दर्गे, ख्रिस्ती सिमेटरी, जैनांच्या निषिधी शिळा (मृतांच्या स्मरणाचे दगड) हे सगळे एका तालुक्यात सापडते. प्रत्येकाची स्मरणाची तिथीही वेगळी. हिंदू घरांत पितृपक्षात श्राद्ध होते, पण ते घरी, मसणवट्यात नव्हे. कॅथलिक कुटुंबे २ नोव्हेंबरला थडगी साफ करून मेणबत्त्या लावतात. शब-ए-बारातला कब्रस्तानात दिवे लागतात. शिवाय ‘मसणात कशाला जायचं?’ हा प्रश्न घराघरांतून येणारच. स्मशानातून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात घ्यायचे नाही, बायकांनी तिकडे जायचे नाही, हे संस्कार खोल आहेत. फेरी आखणाऱ्याने त्यांना हसू नये. ज्यांना आत यायचे नसेल त्यांना फाटकाबाहेरच्या झाडाखालीही गोष्ट ऐकता आली पाहिजे.

या भागातले सर्वांत जुने बोलके दगड म्हणजे वीरगळ, लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे दगड. कन्नडमध्ये वीरगल्लु. हलशी हे खानापूर तालुक्यातले गाव एके काळी कदंब राजघराण्याचे राजधानीचे ठिकाण होते. तिकडच्या जंगलपट्टीतल्या गावांत देवळाशेजारी, मारुतीच्या पारावर किंवा तळ्याच्या बांधाला टेकवून ठेवलेले वीरगळ दिसतात. साध्या वीरगळाची रचना खालून वर वाचायची असते. तळाच्या चौकटीत लढाई, बरेचदा पळवून नेलेली गुरे सोडवतानाची. मधल्या चौकटीत पडलेल्या वीराला अप्सरा घेऊन निघालेल्या. वरच्या चौकटीत तोच वीर शिवलिंगापुढे बसलेला. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे हे दोघे आहेत तोवर नाव राहील ही ग्वाही. मौज अशी की नाव बहुतेक दगडांवर नसतेच. सतीशिळेवर तर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात एवढेच असते. अशा दगडापाशी कोणी ‘मी अमुक’ म्हणून उभे राहणे खोटेपणाचे होईल. तिथे पोशाखातल्या माणसाने दगडाकडे बोट दाखवून खालची चौकट, मधली चौकट, वरची चौकट एवढेच वाचावे. ज्या बाईचे नाव कोणी कोरले नाही तिच्या तोंडी आपण आपली वाक्ये घालू नयेत. या मुद्द्यावर तडजोड नसावी.

नाव आणि कागद दोन्ही असलेली सर्वांत मोठी गोष्ट बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूर संस्थानची. ती एका दफनभूमीत मावत नाही. कित्तूरचे राजे शिवलिंगरुद्र सर्जा १८२४ मध्ये वारले. मृत्यूपूर्वी घेतलेल्या दत्तकाला धारवाडचे कलेक्टर व पोलिटिकल एजंट सेंट जॉन थॅकरे यांनी मान्यता नाकारली. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यापुढे झालेल्या लढाईत थॅकरे मारले गेले. वॉल्टर इलियट आणि स्टीव्हन्सन हे दोन इंग्रज अधिकारी कित्तूरकरांच्या हाती सापडले. (हेच इलियट पुढे कन्नड मुलखातले शेकडो शिलालेख जमवणारे संशोधक म्हणून नावाजले. कित्तूरच्या कैदेतला तरुण आणि दगड वाचणारा विद्वान हा एकच माणूस होता, हे फेरीत जरूर सांगावे.) डिसेंबरात मोठी फौज आली आणि कित्तूर पडले. त्या हल्ल्यात सोलापूरचे सब-कलेक्टर मन्रो, मद्रासचे गव्हर्नर सर थॉमस मन्रो यांचे पुतणे, जखमी होऊन वारले. या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत राहिल्या आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. कित्तूरच्या सैन्यातले संगोळी रायण्णा यांनी गनिमी पद्धतीने लढा चालू ठेवला. १८३० मध्ये ते पकडले गेले आणि २६ जानेवारी १८३१ रोजी खानापूर तालुक्यातील नंदगड इथे त्यांना फाशी दिली.

म्हणजे राणींची समाधी बैलहोंगलला, रायण्णांची नंदगडला आणि थॅकरे यांचा स्मारकस्तंभ धारवाडला. एकाच गोष्टीतली तीन माणसे तीन गावांत झोपली आहेत, आणि एका ठिकाणी उभे राहिले तर गोष्ट तिसरा हिस्साच ऐकू येते. गाडी करून पहाटे निघाले तर तिन्ही जागा एका दिवसात होतात. सीमाभागाला शोभणारी समाधिफेरी अशीच असावी. धारवाडच्या स्तंभापाशी थॅकरे यांच्या पात्राला त्यांची बाजू नीट मांडू द्यावी. कंपनी सरकारच्या दृष्टीने दत्तक नामंजूर करणे हा साधा महसुली कारभार होता. तो थंड, कागदी आवाज ऐकल्यावर बैलहोंगलला राणींच्या समाधीपुढे उभे राहिलेला माणूस वेगळ्याच कानाने ऐकतो. नंदगडला तर पात्राची गरजच कमी. तिथले वडाचे झाड, झाडाला बांधलेले पाळणे, मूल व्हावे म्हणून नवस बोलायला आलेल्या बाया, हे सगळे चालू स्मरण आहे. तिथे नाटकी आवाज काढणे म्हणजे कोणाच्या तरी पूजेत मध्ये बोलणे. रायण्णांवरची कन्नड लावणी गाणारे गायक मिळाले तर त्यांनाच गाऊ द्यावे. असली पदे १९व्या शतकातच शिलालेखांचे अभ्यासक असलेले इंग्रज अधिकारी जे. एफ. फ्लीट यांनी उतरवून घेतली होती.

बेळगाव शहरातही निवडीला वाव आहे. कॅम्प भागात असद खान लारी यांचा दर्गा आहे. आदिलशाहीतले हे सरदार बेळगावचा कारभार पाहत आणि १५४९ मध्ये वारले. किल्ल्यातली सफा मशीद त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे. किल्ला १८१८ मध्ये जनरल मन्रो (वर आलेले सर थॉमस) यांच्या फौजेने घेतला. त्यानंतर इथे कायमची छावणी बसली. तिच्या मागोमाग चर्च, मिशनची शाळा आणि दफनभूमी आली. छावण्यांच्या जुन्या दफनभूमींत सेनापती थोडे असतात. विशी-पंचविशीतले शिपाई, त्यांच्या बायका आणि काही महिन्यांची मुले जास्त. पटकी आणि ताप यांनी घेतलेली ही माणसे. बाळंतपणात गेलेल्या बाईच्या दगडावरच्या चार ओळी, तिच्या शेजारचा वीतभर दगड, याच्यापुढे तलवारीच्या कथा फिक्या पडतात. कागद शोधणाऱ्यासाठी एक वाट खात्रीची आहे. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या दफन-नोंदवह्यांच्या प्रती लंडनला पाठवल्या जात, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १८८४ मध्ये निघालेला बेळगाव जिल्ह्याचा गॅझेटिअरचा खंडही हाताशी ठेवावा.

या कलेचा देशी धागा वेगळ्याच ठिकाणी आहे. बेळगावची शिवजयंती वैशाखात होते, आणि तिची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. ट्रॉलीवर उभारलेल्या देखाव्यांत गल्लीतली पोरे मावळे होतात, अफझलखान होतात, चौकाचौकांत प्रसंग करून दाखवतात. लहान पोरे पहाटेपर्यंत बापाच्या खांद्यावर बसून ते पाहतात आणि मोठेपणी स्वतः ट्रॉलीवर चढतात. दिवाळीत दारापुढे किल्ले होतात ते वेगळेच. शिवाय संगीत नाटकाचे जनक बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म (१८४३) आणि मृत्यू (१८८५) दोन्ही या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. अंगरखा, पगडी, नऊवारी भाड्याने आणणे आणि चौकात ऐकू जाईल असे बोलणे इथल्या मंडळांना नवे नाही. शिकावे लागेल ते हळू बोलणे. चित्ररथावरचा आवाज हजारांसाठी असतो, थडग्यापाशी वीस माणसे असतात.

बोलण्याचा विषय निघाला की सीमाभागातला खरा प्रश्न समोर येतो. मेलेल्या माणसाच्या तोंडी भाषा कोणती द्यायची? चन्नम्मांना मराठी आणि असद खानांना शुद्ध कन्नड बोलायला लावले तर तो इतिहास राहत नाही, आजची ओढाताण त्यांच्या डोक्यावर लादली जाते. पात्राने सुरुवातीची दोन-तीन वाक्ये आपापल्या भाषेत बोलावीत. रायण्णांनी कन्नडमध्ये, दर्ग्यापाशी दख्खनीत, छावणीतल्या बाईने इंग्रजीत. पुढचा अर्थ वाटाड्याने मराठीत सांगावा. वाटाड्याची मराठीही बेळगावचीच हवी. ‘काय वो मामा, हिकडं या की’ म्हणणारी, कन्नड हेल लपवू न पाहणारी. सहाशे-सातशे वर्षे या गावांत दोन्ही भाषा शेजारी नांदल्या, शिलालेखही दोन्ही लिपींतले सापडतात. फेरीतल्या दहा वर्षांच्या मुलाने हे कानाने ऐकावे.

काही जागी पोशाख करूच नये. १७ जानेवारी १९५६ आणि जून १९८६ या सीमालढ्यातल्या गोळीबारांत गेलेल्यांची घरची माणसे आजही हयात आहेत. बेळगावचा हुतात्मा चौक आणि हिंडलग्याचे स्मारक इथे दरवर्षी फुले वाहिली जातात. तिथे उभे राहावे, नावे वाचावीत, पुढे निघावे. ज्याला ओळखणारे कोणी जिवंत आहे त्याचे सोंग घेऊ नये, हा नियम सर्वत्र पाळावा. कॅन्टोन्मेंट, चर्चची समिती, दर्ग्याचे मुजावर, ग्रामपंचायत यांची परवानगी आधी लेखी घ्यावी. मृताचे घराणे गावात असेल तर संहिता त्यांना वाचून दाखवावी.

फेरीचे दिवस पाऊस सरल्यावरचे, कार्तिकापासून माघापर्यंत. पावसाळ्यात बेळगावचा दगड शेवाळाने हिरवा होतो आणि अक्षरे दिसेनाशी होतात. ती वाचण्यासाठी तारेचा ब्रश, ॲसिड किंवा कपडे धुण्याची पावडर लावू नये. साधे पाणी आणि मऊ ब्रश एवढेच पुरते. उजळण्यासाठी वीरगळांना ऑइलपेंट फासण्याची चाल बंद झाली पाहिजे, कारण रंगाखालचे बारीक कोरीवकाम बुजून जाते. पूजेतल्या दगडावरचा शेंदूर मात्र गावाचा आहे, तो खरवडू नये. फेरीच्या आधी एकदा सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक लेखाचे छायाचित्र घ्यावे आणि त्यातली अक्षरे जशीच्या तशी वहीत उतरवावीत, चुकीचे स्पेलिंगही न सुधारता.