खारीच्या पिल्लाचा एक श्वास म्हणजे दोन थेंब

मे महिन्यात पावसाळ्याआधीची फांद्यांची छाटणी सुरू झाली की मला ठरावीक फोन येऊ लागतात. "खारीचं पिल्लू खाली पडलंय, काय पाजू?" यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओही आला. एक मुलगा तळहातावर उताण्या झोपवलेल्या पिल्लाला औषधाच्या ड्रॉपरने दूध पाजतोय, पिल्लू पाय झाडतंय, मध्येच त्याच्या नाकातून पांढरा बुडबुडा येतो. खाली शेकडो बदाम आणि "किती गोड!" मला तो बघवेना. तो बुडबुडा म्हणजे पिल्लाचं नाक दुधाने भरल्याची खूण होती.

"काय पाजू" हा प्रश्न सगळे विचारतात. "कशाने पाजू" हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते पिल्लाचा जीव जास्त करून या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असतो.

त्याआधी दोन गोष्टी. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला परत घेत नाही, ही समजूत चुकीची आहे. पिल्लू जखमी नसेल आणि त्याचं अंग गरम असेल, तर त्याला उघड्या खोक्यात ठेवून खोकं त्याच झाडाला मांजरीच्या टप्प्याबाहेर बांधा आणि दिवसाउजेडी लांबून लक्ष ठेवा. खारीची आई पिल्लाला तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. ती आलीच नाही, तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. खार हा वन्यप्राणी आहे, पाळण्यासाठी घरात ठेवायचा नाही. पुढचं सगळं जाणती माणसं येईपर्यंतच्या एकदोन दिवसांसाठी आहे.

पहिली गरज उबेची. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही, त्याला पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवायची, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकायला जागा राहते. ऊब आल्यावर पहिली एकदोन पाजणी नुसत्या कोमट ओआरएसची. पाकिटावर लिहिलेल्या मापाएवढंच पाणी घ्या, अंदाजाने नको.

मग दूध. गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण 4 टक्के, प्रथिने सव्वातीन टक्के आणि लॅक्टोज ही शर्करा पावणेपाच टक्क्यांच्या आसपास असते. अमेरिकेतल्या करड्या खारीच्या दुधात स्निग्धांश सुमारे 25 टक्के, प्रथिने 7 टक्क्यांवर आणि लॅक्टोज 4 टक्क्यांच्या आत. 100 ग्रॅम दुधाचा हिशेब केला तर खारीचं दूध सुमारे 270 किलोकॅलरी देतं आणि गाईचं 70च्या खाली. म्हणजे तेवढ्याच ताकदीसाठी गाईचं दूध चौपट पाजावं लागेल आणि लॅक्टोज जवळजवळ पाचपट पोटात जाईल. न पचलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढून घेतं, म्हणून जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब एका दिवसात संपवू शकतात. कुत्र्याच्या पिल्लांसाठीची दूध पावडर बरीच जवळची पडते. अमेरिकेत अनाथ खारी वाढवणारे वर्षानुवर्षं तीच वापरतात. पाळीव प्राण्यांच्या दुकानात ती आपल्याकडेही मिळते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

शाळेत शिकलो होतो की शांत बसलेला माणूस एका श्वासात सुमारे 500 मिली हवा आत घेतो. माणसाचं वजन 65 किलो धरलं तर हे किलोमागे साडेसात मिलीच्या आसपास पडतं. गंमत अशी की सस्तन प्राण्यांमध्ये हे प्रमाण उंदरापासून घोड्यापर्यंत जवळजवळ तेच राहतं. छोटा प्राणी श्वास भराभर घेतो, पण वजनाच्या मानाने प्रत्येक श्वासाचं माप तेवढंच. मग 15 ग्रॅमच्या, डोळे न उघडलेल्या पिल्लाचा एक श्वास किती? सुमारे 0.1 मिली. पाण्याचे 20 थेंब म्हणजे 1 मिली, हे माप धरलं तर पिल्लाचा अख्खा श्वास दोन थेंबांएवढा. त्याची फुप्फुसं पूर्ण फुगली तरी त्यांत मिलीभर हवा जेमतेम मावते.

म्हणजे दोन थेंब दूध चुकीच्या नळीत गेलं, तर एका श्वासाची जागा गेली. शिवाय उंदीर-खारींच्या कुळातले प्राणी नाकानेच श्वास घेतात, तोंडाने घेणं त्यांना जमत नाही. नाकात दूध भरलं की हवेची वाटच बंद.

आता हातातल्या साधनाकडे बघा. 5 मिलीच्या सिरिंजच्या नळीचा आतला व्यास साधारण 12 मिलिमीटर असतो, 1 मिलीच्या सिरिंजचा पावणेपाच. दट्ट्या 1 मिलिमीटर पुढे गेला की किती दूध बाहेर पडतं? नळीच्या छेदाचं क्षेत्रफळ गुणिले 1 मिलिमीटर. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असतं, त्यामुळे व्यास अडीचपट झाला तर दूध सहापटीहून जास्त. मोठ्या सिरिंजमधून 0.11 मिली, म्हणजे दोन थेंबांहून थोडं जास्त. छोटीतून 0.018 मिली, म्हणजे थेंबाचा तिसरा हिस्सा. अंगठ्याची हालचाल दोन्हींत तेवढीच. पण एकीत ती पिल्लाच्या पूर्ण श्वासाएवढं दूध ढकलते आणि दुसरीत त्याच्या सहाव्या भागाएवढं.

एवढ्यावर भागत नाही, कारण दट्ट्या सरळ सरकत नाही. स्थिर वस्तूला हलवायला लागणारं बल ती हलल्यावर तिला चालतं ठेवायला लागणाऱ्या बलापेक्षा जास्त असतं. स्थितिक घर्षण आणि गतिक घर्षण यांतला हा फरक. अडकलेल्या दट्ट्यावर आपण जोर वाढवत नेतो, तो सुटतो त्या क्षणी घर्षण एकदम कमी होतं, आणि अंगठ्याचा जोर मात्र तसाच असतो. मग दट्ट्या उडी मारतो. 2 मिलिमीटरची उडी मोठ्या सिरिंजमध्ये साडेचार थेंबांची पिचकारी ठरते, छोटीत एका थेंबाच्याही आत राहते. हात कितीही हळुवार असला तरी ही उडी टळत नाही, म्हणून सावधपणावर विसंबण्यापेक्षा नळी बारीक घ्यावी. ड्रॉपर तर आणखी वाईट. त्याच्या रबरी फुग्यात हवा असते, ती आधी दाबली जाते आणि नंतर पसरून दूध ढकलते, त्यामुळे बोटाचा दाब आणि बाहेर पडणारं दूध यांचा नीट मेळच बसत नाही.

तेव्हा औषधाच्या दुकानातून सुई निघणारी 1 मिलीची सिरिंज मागा, आणि एक नाही, पाचसहा घ्या. नव्या सिरिंजच्या आत सिलिकॉनचा पातळ थर असतो, त्यामुळे दट्ट्या गुळगुळीत सरकतो. साबणाने धुता धुता तो थर जातो आणि दट्ट्या धरू लागतो. प्रत्येक पाजणीआधी नुसतं कोमट पाणी भरून थेंब थेंब काढून बघा. सलग येत नसतील तर ती सिरिंज फेकून द्या. सुई आधीच काढून वेगळी टाकायची, हे सांगायला नको.

पिल्लाला पोटावर, डोकं किंचित वर, फडक्यात धरायचं, तान्ह्या बाळासारखं उताणं नाही. एक थेंब टोकावर लटकत ठेवायचा आणि पिल्लाने तो ओढून घेतल्यावरच पुढचा द्यायचा. नाकात दूध दिसलं तर लगेच थांबायचं, डोकं खाली करून नाक टिपायचं आणि श्वास शांत होईपर्यंत सिरिंज बाजूला. टोकाला मऊ रबरी नळी बसवली तर पिल्लू चोखतं छान, पण ती घट्ट हवी. सुटून गिळली गेली तर आतडं अडतं.

एका वेळी वजनाच्या 5 टक्के दूध पुरे. 15 ग्रॅमच्या पिल्लाला पाऊण मिली, म्हणजे पंधराएक थेंब, तेही लहान पिल्लाला दोन-तीन तासांनी. यासाठी सोनाराकडे असतो तसा 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो, स्वयंपाकघरातला चालत नाही. 2 ग्रॅमची चूक इथे किरकोळ नाही, आणि वजन रोज वाढतंय की घटतंय हेही त्याच काट्यावर कळतं. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसायचं. डोळे न उघडलेलं पिल्लू आईने चाटल्याशिवाय लघवी करत नाही. पहिल्या वेळी ती गडद पिवळी येते, ओआरएस पोटात गेल्यावर फिकट होऊ लागते. ती फिकट झाली की दूध सुरू करायचं.