सर्वेक्षणात चारपैकी तीन, मतपेटीत जेमतेम निम्मे

बंदूक विकत घेण्याआधी पोलिसांचा परवाना लागावा का? गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने १९५९ साली अमेरिकी लोकांना हे विचारलं, तेव्हा ७५ टक्के 'हो' म्हणाले. (आपल्याकडचा शस्त्र कायदाही त्याच वर्षीचा.) पिस्तुलांवर सरसकट बंदी हवी म्हणणारेही तेव्हा ६० टक्के होते. बंदीचा पाठिंबा पुढे पार घसरला. परवान्याचा टिकला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ २०१३पासून अशी सर्वेक्षणं घेतं. त्यांतही चारपैकी सुमारे तीन जण परवान्याच्या बाजूनं असतात, आणि बंदूक बाळगणाऱ्यांतही बहुमत त्याच बाजूला.

मग ओरेगॉन राज्याचं काय झालं? २०२२मध्ये तिथं परवान्याचा प्रस्ताव थेट जनतेच्या मताला टाकला गेला आणि ५०.७ टक्क्यांवर कसाबसा तरला. यादृच्छिक निवडलेल्या हजारभर लोकांच्या सर्वेक्षणात चूक साधारण तीन टक्के इकडे-तिकडे असते. पंचवीस टक्क्यांची दरी तिच्या खाती घालता येत नाही. ओरेगॉन म्हणजे अख्खी अमेरिका नव्हे, हे खरं. शिवाय त्याच प्रस्तावात दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर (बंदुकीतल्या गोळ्यांच्या कप्प्यावर) बंदीही होती. पण मेन राज्यात २०१६ साली खरेदीदाराच्या पूर्वेतिहासाची तपासणी वाढवण्याचा प्रस्ताव चक्क हरला, आणि सर्वेक्षणांत ही तपासणी परवान्याहूनही लोकप्रिय असते!

मला वाटतं, गोम 'हो'च्या किमतीत आहे. सर्वेक्षणात होकार फुकट असतो. मतदानापर्यंत मात्र फी, प्रशिक्षण, बोटांचे ठसे, पोलिसांकडच्या खेपा असा सगळा तपशील प्रचारातून कानावर पडलेला असतो, आणि शंका आली की माणूस 'आहे ते बरं' म्हणतो.

याहून रंजक गोष्ट हॉपकिन्सच्या आकड्यांत सापडते. जिथं परवाना आधीपासून लागतो, तिथले बंदूकधारक त्याला इतर राज्यांतल्या बंदूकधारकांपेक्षा जास्त पाठिंबा देतात. सवयीनं धास्ती गेली, की मुळात अनुकूल लोक होते म्हणूनच तिथं कायदा झाला? एकदाच विचारून याचा निवाडा होत नाही. तीच माणसं कायद्याच्या आधी आणि नंतर गाठावी लागतात. नॉर्थ कॅरोलिनानं १९१९पासूनचा पिस्तूल परवाना २०२३मध्ये रद्द केला, ती संधी गेली. वॉशिंग्टन राज्याचा कायदा मात्र २०२७मध्ये लागू व्हायचा आहे.