तळणीचे तेल, साबण आणि नॅनोकण

तळणीच्या जुन्या तेलात मिथेनॉल (एक अल्कोहोल) आणि चिमूटभर कॉस्टिक सोडा घालून ते तापवले, तर दोनपैकी एक गोष्ट होते. जमले तर तळाशी तपकिरी ग्लिसरीन बसते आणि वर पिवळसर, पातळ बायोडिझेल राहते. बिघडले तर सगळ्याचा बुळबुळीत साबण होतो. नॅनोकणांचे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे, उत्प्रेरक (क्रियेचा वेग वाढवणारे, पण स्वतः न खर्चणारे पदार्थ) आले ते या साबणाच्या मागोमाग.

मूळ रासायनिक क्रिया डिझेल इंजिनाहून जुनी आहे. मेदरेणूतले ग्लिसरीन सोडवून त्याच्या जागी अल्कोहोल बसवण्याचे काम पॅट्रिक डफी यांनी 1853 मध्येच केले होते. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालले; पण ते साधे तेल होते. त्यावरून बायोडिझेलचे श्रेय रुडॉल्फ डिझेल यांना देण्याची पद्धत पडली आहे, ती चूक. साधे तेल डिझेलच्या दहापट घट्ट असते, नीट फवारले जात नाही आणि इंजिनात काजळी धरते. तो घट्टपणा घालवण्याची युक्ती ब्रुसेल्सच्या जी. शव्हान यांनी 1937 च्या पेटंटात मांडली. त्यांनी पामतेलाचे एस्टर (ग्लिसरीनऐवजी अल्कोहोल जोडलेली मेदाम्ले, म्हणजेच बायोडिझेल) बनवले आणि पुढच्याच वर्षी त्यावर ब्रुसेल्स ते लूव्हाँ बस धावली.

गंमत म्हणजे 1940 च्या दशकात अमेरिकेत ही प्रक्रिया अल्कली (कॉस्टिक सोड्यासारखा पदार्थ) वापरून घासूनपुसून घेतली गेली ती साबण बनवण्यासाठी! पुढे स्वस्त खनिज तेलाच्या काळात इंधन म्हणून तिची आठवण कुणाला राहिली नाही. 1970 च्या दशकातल्या तेलसंकटांनंतर ती पुन्हा वर आली. ऑस्ट्रियात ग्राझ विद्यापीठातल्या मार्टिन मिटेलबाख यांच्या गटाने तळणीच्या तेलावर काम केले आणि 1990 च्या दशकात त्या शहराच्या बसगाड्या अशा इंधनावर धावू लागल्या.

वापरलेले तेल स्वस्त, पण त्रासदायक. कढईत पदार्थ सोडला की त्यातले पाणी बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि त्या उष्णतेत तेलाचे रेणू फोडते. त्यातून मुक्त मेदाम्ले सुटतात. ती साधारण एक टक्क्याच्या वर गेली की सोडा आपले काम सोडून त्यांच्याशीच साबण करत बसतो. त्यावरचा रुळलेला उपाय म्हणजे आधी गंधकाम्लाने मेदाम्लांचे एस्टर करून घ्यायचे आणि मग अल्कली घालायची. शिवाय विरघळलेला उत्प्रेरक परत मिळत नाही. तो धुऊन काढायचा म्हणजे सांडपाणी आलेच.

मग न विरघळणारा, गाळून काढता येणारा उत्प्रेरक का नको? 1984 मध्ये पीटरसन आणि स्कॅरा यांनी कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या ऑक्साइडांसह अनेक घन पदार्थ तपासले. अडचण वेगाची होती. तेल आणि मिथेनॉल मुळात एकमेकांत मिसळत नाहीत, त्यात क्रिया फक्त घनाच्या पृष्ठभागावर. फ्रान्समध्ये सेत इथे 2006 मध्ये झिंक ॲल्युमिनेट या घन उत्प्रेरकावर चालणारा कारखाना उभा राहिला. पण त्याला मोठे तापमान आणि दाब लागतो.

इथे नॅनोकण कामाला येतात. 1 सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी ठोकळ्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. त्याचेच 10 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) ठोकळे केले, तर एकूण पृष्ठभाग 600 चौरस मीटर होतो. 2006 मध्येच नॅनोस्फटिकी कॅल्शियम ऑक्साइडने सोयाबीन तेल आणि कोंबडीच्या चरबीचे बायोडिझेल खोलीच्या तापमानाला करून दाखवण्यात आले. कॅल्शियम ऑक्साइड म्हणजे आपली चुनकळी; अंड्याची टरफले 900 अंशांच्या आसपास भाजली तरी मिळते. त्यामुळे टरफलांवर शोधनिबंधांची रीघ लागली.

पण चुनकळीही शेवटी अल्कलीच. आंबट झालेल्या तेलात ती कॅल्शियमचा साबण करते. उघड्या हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून मंदावते. म्हणून एकीकडे सल्फेटयुक्त झिर्कोनियासारखे (झिर्कोनिया म्हणजे झिर्कोनियम धातूचा ऑक्साइड) आम्लधर्मी घन पदार्थ तपासले गेले. ते मेदाम्लांचेही एस्टर करतात. दुसरीकडे, इतके बारीक कण गाळणार कसे, यावर लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचा गाभा देण्याची तोड निघाली. भांड्याच्या बाहेरून चुंबक लावला की काळा गाळ एका बाजूला गोळा होतो आणि इंधन ओतून घेता येते.

पहिल्या खेपेला 95 टक्क्यांहून अधिक उतारा मिळाल्याचे दावे पुष्कळ आहेत. मी पाहतो ती तोच उत्प्रेरक पुन्हा वापरून काढलेली पाचवी-सहावी खेप, आणि इंधनात किती कॅल्शियम उतरले तो आकडा. युरोपच्या ईएन 14214 मानकात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून किलोमागे 5 मिलिग्रॅमच चालते, आणि चुनकळी मिथेनॉलमध्ये थोडी थोडी विरघळत असते.