शंभरातून ९९.९९ वजा करताना

इंजिनिअरिंगला असलेली भाची परवा ठासून म्हणाली, ‘मॅटलॅब’ (गणिती आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) म्हणजे मॅथ्सची लॅब. नाही. ते ‘मॅट’ मॅट्रिक्सचं, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या आकड्यांच्या चौकटीचं, आणि त्यामागे एक गणिताचा प्राध्यापक आहे : क्लीव्ह मोलर.

कॅलटेकमध्ये पदवीला असताना जॉन टॉड यांच्या वर्गात मोलरना न्युमरिकल अ‍ॅनालिसिसची गोडी लागली. पुढे स्टॅनफर्डला जॉर्ज फॉरसाइथ यांच्याकडे १९६५ साली पीएच.डी. केली. प्रबंधात इंग्रजी ‘एल’ आकाराचा ताणलेला पडदा कसा कंप पावतो, याचं गणित होतं. मॅटलॅबच्या लोगोतला तो रंगीत उंचवटा त्याच पडद्याचा.

न्युमरिकल अ‍ॅनालिसिस म्हणजे अंकज्योतिष नव्हे. (हे सांगावं लागतं. विषय ऐकून शेजारच्या काकांनी मुलाच्या नावात एक जादा ‘ए’ घालू का, असं मला विचारलं होतं.) यंत्राला मोजकेच अंक ठेवता येतात, अशा वेळी उत्तर कसं काढायचं आणि त्यात चूक किती शिरते, याचा हा हिशेब.

दहावीचं वर्गसमीकरण घ्या : क्ष² − २००क्ष + १ = ०. सूत्राने मुळं येतात १०० ± √९९९९. समजा यंत्र चारच सार्थ अंक ठेवतं. √९९९९ म्हणजे ९९.९९४९९…, यंत्र लिहिणार ९९.९९. मग लहान मूळ १०० − ९९.९९ = ०.०१. खरं उत्तर आहे ०.००५०००१२… म्हणजे यंत्राचं उत्तर थेट दुप्पट! सूत्र बरोबर, वजाबाकीही बिनचूक. वर्गमुळातली चूक वीस हजारांत एक, इतकी किरकोळ. पण वजाबाकीत पुढचे सगळे खात्रीचे अंक एकमेकांत कटले आणि हाती उरली ती शेपटी, जिथे चूक दबा धरून बसली होती.

आता वाट बदला. दोन्ही मुळांचा गुणाकार १ असतो. मोठं मूळ बेरजेने काढा : १९९.९९, चार अंकांत २००.०. एक भागिले २००.० म्हणजे ०.००५०००. यंत्र तेच, चारही अंक बरोबर.

मॅट्रिक्सची आयगेनमूल्यं (मॅट्रिक्सने गुणल्यावर ज्या दिशा वळत नाहीत, त्या किती पट ताणल्या जातात ते आकडे) काढताना अशा वजाबाक्या हजारोंनी येतात. तिथे गणितज्ञ जेम्स विल्किन्सन यांची उलटी चूक-मीमांसा लागते : मिळालेलं उत्तर किंचित बदललेल्या मॅट्रिक्सचं नेमकं उत्तर आहे का, हे बघायचं. हे सगळं सांभाळणारे आइस्पॅक आणि लिनपॅक हे फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेतले संच १९७०च्या दशकात तयार झाले. मोलर तेव्हा न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत. विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता ते वापरता यावेत, म्हणून त्यांनी मॅटलॅब लिहिलं. मॅटलॅबची कंपनी झाली १९८४मध्ये.

दहा वर्षांनी इंटेलच्या पेंटियम चिपचा भागाकारच काही संख्यांना चुकतो, हे उघड झालं. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं की १.३३३८२ऐवजी १.३३३७३. तोडगा काढणाऱ्यांत मोलर होते. भागण्यापूर्वी भाजक तपासायचा. धोक्याचा वाटला तर वरच्या आणि खालच्या दोन्ही संख्यांना १५/१६ ने गुणायचं आणि मग चिपला भागायला द्यायचं.