बॅटरी उतरते ती फरशीमुळे नव्हे

पावसाळा ओसरला की खडकवासला आणि पानशेतच्या जलाशयांत बोटी पुन्हा उतरू लागतात, आणि त्याच सुमारास एक तक्रार हमखास ऐकू येते: बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली, सकाळी इंजिन एका झटक्यात सुरू झाले, पण दोन-चार दिवसांत ती पुन्हा उतरली. यावर मिळणारे उत्तरही ठरलेले असते. चार महिने बॅटरी फरशीवर ठेवली होती, फरशीने करंट ओढून घेतला, खाली फळी ठेवायला हवी होती.

या समजाला इतिहास आहे. पूर्वीच्या बॅटऱ्यांची खोकी लाकडाची किंवा कठीण रबराची असत, आणि त्यांतून झिरपणारे आम्ल व ओल यांच्या वाटेने थोडी वीज खरोखरच गळत असे. आजची खोकी पॉलिप्रोपिलीनची असतात. हे प्लास्टिक उत्तम विद्युतरोधक असल्यामुळे फरशी आणि आतल्या प्लेटा यांचा संबंधच येत नाही. गळती होऊ शकते ती वरच्या झाकणावर, जिथे धूळ आणि आम्लाचे तुषार मिळून दोन टर्मिनलांमध्ये एक ओलसर थर तयार होतो. मल्टिमीटरची, म्हणजे व्होल्टेज व प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाची, एक पिन ऋण टर्मिनलवर ठेवून दुसरी झाकणावरून फिरवल्यास काट्याची हालचाल ही गळती उघड करते. बुचे घट्ट लावून खायच्या सोड्याच्या पाण्याने झाकण पुसले की ती थांबते.

मात्र बोटीत याहून मोठा संशयित असतो, तो म्हणजे तळाशी साचलेले पाणी उपसणारा पंप. बोट बांधून ठेवलेली असतानाही त्याला चालता यावे म्हणून तो बहुधा मुख्य स्विचला वगळून थेट बॅटरीला जोडलेला असतो. त्यामुळे मुख्य स्विच बंद केला म्हणजे सगळे बंद झाले, ही खात्री खोटी ठरते. पाणी वाढले की वर उचलला जाऊन पंप सुरू करणारा तरंगता स्विच जलपर्णीच्या मुळांत किंवा गाळात अडकून वर राहिला, तर ३ अँपिअर ओढणारा पंप ७० अँपिअर-तासांची (म्हणजे १ अँपिअर सुमारे ७० तास देणारी) बॅटरी एका दिवसात रिकामी करतो. रेडिओची स्मृती किंवा एखादे विसरलेले यंत्र केवळ ५० मिलिअँपिअर ओढत असेल, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात आणि तीच बॅटरी दोन महिन्यांच्या आत संपते. हे तपासण्यासाठी ऋण टर्मिनलची केबल सोडवून केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या मापावर जोडावा आणि एकेक फ्यूज काढत जावा. ज्या फ्यूजबरोबर आकडा कोसळतो, त्या वाटेवर दोष असतो. मीटर जोडलेला असताना इंजिनाचा स्टार्टर मात्र चुकूनही दाबू नये. बॅटरीला थेट जोडलेल्या तारा फ्यूजच्या पेटीतून जात नसल्याने त्या वेगळ्या सोडवून पाहाव्या लागतात.

कोठेच गळती सापडली नाही, तर इंजिन चालू ठेवून टर्मिनलांवरचे व्होल्टेज मोजावे. ते १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास असायला हवे. १२.६ वरच अडकून राहिले, तर बॅटरी भरलीच जात नाही आणि इंजिनाचा पट्टा, त्यावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर किंवा गंजलेले टर्मिनल यांच्याकडे वळावे लागते. पर्यटकांना घेऊन दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्या बोटींत सगळे भाग शाबूत असूनही बॅटरी अर्धवट भरलेली राहू शकते, कारण भरणीचा शेवटचा टप्पा मुळातच फार संथ असतो.

आता बॅटरीच्या आत जे घडते ते पाहू, कारण खरे नुकसान तेथे होते. १८५९ मध्ये गॅस्तों प्लांते यांनी तयार केलेल्या शिसे-आम्ल घटाचे रसायनशास्त्र आजही तेच आहे. धन प्लेटेवर लेड डायऑक्साइड, ऋण प्लेटेवर सच्छिद्र शिसे आणि मध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल. वीज देताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमते, आम्ल खर्च होते आणि पाणी तयार होते. ताजे सल्फेट अतिशय बारीक कणांचे असते आणि उलटा प्रवाह दिल्यावर सहज विरघळून पुन्हा शिसे व लेड डायऑक्साइड बनते. परंतु बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर लहान स्फटिक विरघळतात आणि तेच द्रव्य मोठ्या स्फटिकांवर बसत जाते. लहान कणाचा पृष्ठभाग त्याच्या आकारमानाच्या मानाने अधिक असल्यामुळे त्याची ऊर्जा जास्त असते, आणि द्रव्य नेहमी कमी ऊर्जेकडे सरकते. आम्ल जितके पातळ झालेले आणि हवा जितकी उष्ण, तितकी ही वाढ जलद होते. पिठीसाखर क्षणात विरघळते आणि खडीसाखर तासभर टिकते, तेच येथे होते: मोठे स्फटिक चार्जरच्या प्रवाहाला पुरेसा पृष्ठभाग देत नाहीत आणि प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. अशी बॅटरी चटकन 'भरते', विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टही दाखवते आणि स्टार्टरचा भार पडताच कोसळते. म्हणून नुसते व्होल्टेज पाहून तिला निरोगी ठरवू नये. भाराखाली व्होल्टेज किती उरते ते पाहावे.

'बॅटरीला नवजीवन' देणाऱ्या पुड्यांबद्दल येथे स्पष्टच सांगितले पाहिजे. त्यांतील बऱ्याच पुड्या म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट असते. द्रावणात सल्फेट आयन वाढवले, तर लेड सल्फेट अधिक विरघळण्याऐवजी कमी विरघळते, हे शाळेतल्या समान आयन परिणामावरूनच समजते. हा क्षार विरघळल्याने आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा मात्र वाढतो आणि ग्राहकाची फसगत होते. बॅटरीतल्या द्रवाची पातळी घटल्यावर डिस्टिल्ड वॉटरऐवजी आम्ल ओतण्यानेही असाच खोटा आकडा मिळतो, शिवाय प्लेटा झिजतात.

गळती शोधल्याशिवाय नवी बॅटरी बसवली, तर तिच्यातही हेच स्फटिक वाढू लागतात. बोट पावसाळ्यासाठी काठावर घेताना बॅटरी पूर्ण भरावी, ऋण केबल सोडवून ठेवावी, दर महिन्याला व्होल्टेज मोजावे आणि आकडा १२.४ च्या खाली गेला की त्याच दिवशी ती पुन्हा चार्जिंगला लावावी.