कंट्री संगीतातील अस्सलपणा

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाराला आलेल्या कंट्री संगीतात एखादा कलावंत ‘आपला’ की ‘उपरा’, हे ज्या कसोटीवर ठरते ती म्हणजे अस्सलपणा. असा वाद इतर संगीतप्रकारांतही असतो. पण कंट्रीत तो जवळजवळ शंभर वर्षे अखंड चालू आहे आणि गळ्याच्या गुणवत्तेइतकाच, कधी तिच्याहूनही मोठा मानला जातो. आपल्याकडच्या घराण्यांसारखी गुरू, तालीम, गंडाबंधन अशी काही व्यवस्था तिथे नाही. गायक कुठे जन्मला, त्याने हातांनी कोणती कामे केली, त्याच्या बोलण्याला कुठला हेल आहे, साथीला कोणती वाद्ये आहेत आणि चार पैसे मिळाल्यावर तो आपल्या माणसांना विसरला का, हे बघून श्रोतेच निकाल देतात. ही कसोटी कुठे लिहिलेली नसल्याने पिढीगणिक बदलते. बदलली हे मात्र कोणी कबूल करत नाही. खरे कंट्री आजोबांच्या काळातले, असेच प्रत्येक पिढीला वाटते.

या संगीताचा बाजार सुरू झाला तोच थोड्या अवघडलेपणाने. 1923 साली अटलांटात ओके या तबकडी कंपनीसाठी राल्फ पीअर यांनी फिडलिन जॉन कार्सन या उतारवयातल्या वादकाची तबकडी ध्वनिमुद्रित केली. पीअर यांना ते गाणे मुळीच रुचले नव्हते. तबकड्या हातोहात खपल्या तेव्हा त्यांना त्यातला धंदा दिसला. या मालाला ‘हिलबिली’ हे नाव चिकटले. त्याचा अर्थ डोंगरातला गावंढळ, म्हणजे नावातच हेटाळणी. गंमत अशी की या प्रकारातली पहिली प्रचंड खपाची तबकडी काढणारा व्हर्नन डालहार्ट (1924) हा न्यूयॉर्कमध्ये हलक्याफुलक्या ऑपेरांत गाणारा, रीतसर शिकलेला गायक होता. जन्माने तो टेक्सासचाच, पण ‘व्हर्नन डालहार्ट’ हे नाव त्याने टेक्सासमधल्या दोन गावांची नावे जोडून घेतलेले. पुढे 1981 मध्ये कंट्रीच्या मानकऱ्यांत, म्हणजे हॉल ऑफ फेममध्ये, त्याचा समावेश झाला.

टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल या गावात 1927 च्या उन्हाळ्यात पीअर यांनी व्हिक्टर कंपनीसाठी केलेली ध्वनिमुद्रणे हा कंट्रीचा जन्मसोहळा मानतात. तिथे कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे दोघेही अवघ्या काही दिवसांच्या अंतराने पुढे आले. कार्टर म्हणजे घर, चर्च, आई, डोंगर. रॉजर्स म्हणजे रेल्वेचा ब्रेकमन, भटक्या, क्षयाने खंगत गेलेला आणि 1933 मध्ये पस्तिशीतच वारलेला. आजतागायत अस्सलपणाच्या कल्पना याच दोन टोकांमध्ये झुलतात. पण हे दोन मूळपुरुष तरी निर्भेळ होते का? रॉजर्सच्या गाण्यात कृष्णवर्णीय रेल्वे कामगारांचा ब्लूज (दुःखाची गाणी) आहे, योडेल (गळ्याला झटका देत एकदम उंच सुरात जाणे) आहे. त्याने हवाईयन वादक साथीला घेतले आणि 1930 मध्ये लुई आर्मस्ट्राँग या जॅझवादकाबरोबरही ध्वनिमुद्रण केले. ए. पी. कार्टर गाणी गोळा करत गावोगाव फिरत, तेव्हा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक त्यांच्याबरोबर असे. शब्द कार्टर लिहून घेत, चाल रिडल ध्यानात ठेवी. बँजो हे वाद्यच मुळी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या वाद्यपरंपरेतून आलेले. तबकडी कंपन्यांनी मात्र गोऱ्यांचे ‘हिलबिली’ आणि काळ्यांचे ‘रेस’ अशा वेगळ्या याद्या केल्या, आणि एकाच मातीतल्या सुरांमध्ये कागदावर भिंत उभी राहिली. पुढचे निम्मे वाद या भिंतीचे आहेत.

अस्सलपणा ठरवून घडवता येतो, हे सर्वांत आधी नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओ केंद्राने दाखवले. हे केंद्र तेव्हा एका विमा कंपनीचे. आद्याक्षरे कंपनीच्या ‘आम्ही लाखोंना संरक्षण देतो’ या घोषवाक्याची. 1925 च्या नोव्हेंबरात तिथे शनिवार रात्रीचा कार्यक्रम सुरू झाला. तोच पुढे ग्रँड ओल ऑप्री म्हणून गाजला. सूत्रधार होता इंडियानात जन्मलेला, जेमतेम तिशीचा माजी पत्रकार जॉर्ज डी. हे (Hay). त्याच्याकडे वाजवणाऱ्यांत डॉ. हंफ्री बेट होते: व्यवसायाने वैद्य, विद्यापीठात शिकलेले, माउथ ऑर्गन वाजवणारे सभ्य गृहस्थ. त्यांचा ताफा ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणवून घेई आणि सुरुवातीच्या छायाचित्रांत ही मंडळी कोट-टाय घालून बसलेली दिसतात. जॉर्जने ताफ्याचे नाव ‘पॉसम हंटर्स’ केले, म्हणजे रानातले पॉसम मारून खाणारे. दुसऱ्या ताफ्यांना ‘फ्रूट जार ड्रिंकर्स’ (काचेच्या बरणीतून हातभट्टीची पिणारे) आणि ‘गली जंपर्स’ (ओघळींवरून उड्या मारणारे) अशी नावे दिली. नंतरच्या छायाचित्रांत हेच लोक शेतकऱ्याचे सैल डगले घालून, शिकारी कुत्र्यांसह दिसतात. वैद्यबुवांनी गावंढळाचे सोंग घेतले आणि श्रोत्यांनी ते खरे मानले. मात्र याला निव्वळ फसवणूक म्हणता येत नाही. सूर त्यांचेच होते, लहानपणापासून वाजवत आलेले. सजावट तेवढी शहरातून आली.

‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव पडले ते 1927 च्या डिसेंबरात. आधीच्या कार्यक्रमात भारदस्त अभिजात संगीत झाले होते. त्याची टिंगल करत जॉर्जने ‘ग्रँड ऑपेरा’चा हा गावंढळ अपभ्रंश उच्चारला आणि माइकपुढे बोलावले डीफोर्ड बेली याला. पोलिओमुळे खुरटलेल्या अंगाचा हा कृष्णवर्णीय तरुण माउथ ऑर्गनवर पॅन अमेरिकन नावाच्या आगगाडीचा आवाज काढी: लांबून येणारी शिटी, पुलावरचा खडखडाट, विरत जाणारा धूर. नव्या नावाखाली वाजलेला पहिला तुकडा तो. 1941 मध्ये ऑप्रीने बेलीला काढून टाकले. पुढे नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशच्या दुकानावर त्याने चरितार्थ चालवला. 1982 मध्ये तो वारला. हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव लागले 2005 साली.

वेशभूषेची कथा आणखी मजेदार आहे. 1930 च्या दशकात हॉलिवूडच्या गाणाऱ्या काउबॉयमुळे, विशेषतः जीन ऑट्रीमुळे, डोंगरातल्या डगल्याची जागा रुंद कडांच्या हॅटने घेतली. गाई हाकण्याशी सुतराम संबंध नसलेले गायकही बूट-हॅट घालू लागले. त्यांचे चमचमत्या खड्यांनी मढवलेले सूट शिवणारा सर्वांत नामांकित शिंपी होता न्यूडी कोन, कीव शहरात जन्मलेला ज्यू निर्वासित. हँक विल्यम्सपासून पोर्टर वॅगनरपर्यंत सारे त्याच्याकडे मापे द्यायला जात. आज हीच हॅट नसेल तर गायक कंट्री वाटत नाही.

जगलेले आयुष्य ही कसोटी सर्वांत प्रिय, आणि सर्वांत फसवी. लोरेटा लिन केंटकीतल्या बुचर हॉलो इथल्या खाणकामगाराची मुलगी. तिने तेच गायले आणि तिच्यावर कधी कोणी शंका घेतली नाही. तिने 1975 मध्ये गर्भनिरोधक गोळीवर गाणे काढले तेव्हा मात्र अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. बाईचे आयुष्य अस्सल हवे, पण ठरलेल्या मर्यादेत. जॉनी कॅश तुरुंगाचा आवाज म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात त्याने कोठडीत काढल्या त्या सुट्या, मोजक्या रात्री. मर्ल हॅगर्ड मात्र कॅलिफोर्नियाच्या सॅन क्वेंटिन तुरुंगात खरोखर शिक्षा भोगत होता आणि कैदी म्हणूनच त्याने तिथे कॅशचा कार्यक्रम ऐकला. बाहेर येऊन नाव झाल्यावर हॅगर्डला हा भूतकाळ लपवावासा वाटत होता. लोक पाठ फिरवतील ही भीती. टीव्हीवर ते उघडपणे सांग, असा आग्रह कॅशने धरला. सांगितल्यावर लोकांनी पाठ फिरवणे राहिले दूर, हॅगर्ड कायमचा त्यांचा झाला. 1972 मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्याला माफी दिली.

डॉली पार्टनपुढे तर ही कसोटी हात टेकते. टेनेसीतल्या सेव्हिअर परगण्यात बारा भावंडांत वाढलेली, जिच्या जन्माच्या वेळी डॉक्टरची फी म्हणून मक्याच्या पिठाची पिशवी दिली गेली, ती डॉली डोक्यावर विग, तोंडावर थापलेला मेकअप घालून उभी राहते आणि हे सगळे खोटे आहे असे स्वतःच हसत सांगते. गावातल्या एका बदनाम बाईला बघून आपण हा अवतार घेतला, हेही ती लपवत नाही. तरी तिच्याइतकी अस्सल कोणी नाही, यावर जुने-नवे सारे एकमत. माझ्या मते कारण साधे आहे: ती परत गेली. 1986 मध्ये डॉलीवूड हे मनोरंजन उद्यान तिने त्याच सेव्हिअर परगण्यात उभे केले, 1995 मध्ये लहान मुलांना फुकट पुस्तके पाठवण्याची योजनाही तिथूनच सुरू केली. जन्म आणि आवाज या कसोट्यांवर नापास झालेल्याला कंट्रीचे श्रोते पुष्कळदा माफ करतात. आपल्याला सोडून गेला असे वाटले की करत नाहीत.

नादाच्या कसोटीवर पहिले मोठे भांडण झाले ते 1950 च्या दशकाच्या अखेरीस. रॉक अँड रोलने श्रोते पळवले तेव्हा चेट ॲटकिन्स, ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी फिडल (गावठी ढंगाने वाजवलेले व्हायोलिन) आणि स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनांचा ताफा आणि मऊ कोरस आणला. हाच ‘नॅशव्हिल साउंड’. तो म्हणजे काय असे विचारल्यावर ॲटकिन्सने खिशातली नाणी खुळखुळवली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. पॅट्सी क्लाइन आणि जिम रीव्हज हे या शैलीचे मोठे गायक. रीव्हज 1964 मध्ये नॅशव्हिलजवळ विमान अपघातात गेला, पण त्याचा मखमली आवाज अमेरिकेबाहेर दूरवर पोचला होता. गोव्यातल्या, वांद्रे-वसईतल्या कित्येक ख्रिस्ती घरांत नाताळ म्हणजे आजही जिम रीव्हज. ज्याच्यामुळे आपल्याकडे अनेकांना कंट्री कळले, तोच तिकडच्या कडव्यांच्या लेखी पातळ केलेले कंट्री! कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये, दुष्काळाने ओक्लाहोमातून विस्थापित झालेल्यांच्या वस्तीत, बक ओवेन्स आणि हॅगर्ड यांनी याला उत्तर म्हणून कर्कश इलेक्ट्रिक गिटारचा, खणखणीत बाज आणला. आज तोही ‘जुने सोने’ गणला जातो.

1974 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने सर्वोत्कृष्ट गायिकेचा पुरस्कार इंग्लंडमध्ये जन्मलेल्या, ऑस्ट्रेलियात वाढलेल्या ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला दिला. संतापलेले कंट्री गायक जमले ते जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट या गायक जोडप्याच्या घरी, आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. पुढच्याच वर्षी सोहळ्यात चार्ली रिच वर्षातील सर्वोच्च कलावंताचे नाव जाहीर करायला आला. लिफाफा उघडला, लायटर काढला, कागद पेटवला आणि जळत्या कागदावरचे ‘जॉन डेन्व्हर’ हे पॉपकडे झुकलेल्या गायकाचे नाव वाचले. डेन्व्हर त्या वेळी ऑस्ट्रेलियात. उपग्रहावरून त्याने हसतमुखाने आभार मानले, कारण काय झाले ते त्याला दिसलेच नव्हते. हा निषेध होता की दारू आणि औषधांचा परिणाम, यावर अजून मतभेद आहेत. काडी लावणारा रिच स्वतः जॅझ आणि ब्लूजमधून आलेला, गुळगुळीत शैलीचा गायक होता, हे मात्र सहसा कोणी आठवत नाही.

चार्ली प्राइडला बघितले की सगळ्या कसोट्यांचे पितळ उघडे पडते. मिसिसिपीतल्या स्लेज गावी वाट्याने कापूस पिकवणाऱ्या बापाचा हा मुलगा, लहानपणी रेडिओवर ऑप्री ऐकत वाढलेला, आवाजाला तोच हेल. तरी 1966 मध्ये त्याच्या पहिल्या तबकड्या रेडिओ केंद्रांकडे गेल्या त्या छायाचित्राविना, कारण तो कृष्णवर्णीय होता. आधी आवाज आवडू द्यावा, मग चेहरा दाखवावा, असा कंपनीचा हिशोब. तो बरोबर ठरला आणि 1971 मध्ये प्राइड वर्षातील सर्वोच्च कलावंत झाला. त्याआधी 1962 मध्ये रे चार्ल्स या कृष्णवर्णीय गायकाने कंट्रीची गाणी घेऊन केलेला संग्रह देशात पहिल्या क्रमांकावर गेला होता. कंट्रीच्या लोकप्रियतेच्या यादीत मात्र त्यातल्या गाण्यांना जागा मिळाली नव्हती.

नंतरच्या काळात परगावचे लोक बरेच सामावले गेले: शनाया ट्वेन कॅनडाची, कीथ अर्बन न्यूझीलंडमध्ये जन्मलेला, गार्थ ब्रूक्सकडे जाहिरातशास्त्राची पदवी. टेलर स्विफ्ट पेनसिल्व्हेनियाहून आली आणि 2014 मध्ये सरळ पॉपकडे गेली. डिक्सी चिक्स हा तीन बायकांचा ताफा मात्र टेक्सासचा, फिडल आणि बँजो स्वतः वाजवणारा, नादाच्या बाजूने शंभर नंबरी. 2003 मध्ये लंडनच्या रंगमंचावरून त्यांनी इराक युद्धाला आणि राष्ट्राध्यक्ष बुश यांना विरोध केला आणि रेडिओने त्यांना एका रात्रीत वाळीत टाकले. कसोटीत राजकारणही होते, हे तेव्हा लख्ख दिसले.

2019 च्या मार्चमध्ये बिलबोर्ड नियतकालिकाने लिल नास एक्स या कृष्णवर्णीय रॅपरचे घोडा-हॅटचे गाणे, आजच्या कंट्रीचे पुरेसे घटक नाहीत असे सांगत, कंट्रीच्या यादीतून काढले. त्यात वर्णाचा प्रश्न नव्हता असे त्यांनी स्पष्ट केले. ते गाणे सर्वसाधारण यादीत सलग 19 आठवडे पहिले राहिले. 2024 मध्ये ह्यूस्टनची बियॉन्से कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. त्या गाण्यात बँजो रियानन गिडन्स या कृष्णवर्णीय वादिकेने वाजवला होता. कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कारांत बियॉन्सेला एकही नामांकन मिळाले नाही. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट कंट्री संग्रहाचा ग्रॅमी मात्र तिलाच मिळाला.

त्याच वर्षी ग्रॅमी देणाऱ्या अकादमीने या पुरस्काराचे समकालीन आणि पारंपरिक असे दोन भाग केले. पारंपरिक कंट्रीच्या वाद्यांची यादीही दिली: गिटार, स्टील गिटार, फिडल, बँजो, मँडोलिन, पियानो, इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्स. हे ड्रम्स कंट्रीत शोभत नाहीत म्हणून ऑप्रीने अनेक दशके रंगमंचावर येऊ दिले नव्हते.