पार्श्वभूमी : टीम का चालते, का अडते? अहमदाबादच्या साचेखात्यातला प्रयोग

गूगलने 2012 मध्ये ‘प्रोजेक्ट ॲरिस्टॉटल’ या नावाने आपल्याच सुमारे 180 टीम तपासायला घेतल्या. टीममध्ये कोण आहे यापेक्षा ती माणसे एकमेकांशी कशी वागतात, चूक कबूल करायला किंवा खुळा वाटणारा प्रश्न विचारायला कोणी कचरते का, याला जास्त वजन आहे असे निघाले. तेव्हापासून एचआरच्या स्लाइड्समध्ये हा निष्कर्ष फिरतो आहे. प्रश्न मात्र जुना आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग आपल्या शेजारीच शोधला गेला होता.

सुरुवात बहुतेक जण शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यापासून करतात. तिथे 1924 पासून उजेड, विश्रांती, कामाचे तास बदलून उत्पादन मोजले गेले. ‘लक्ष दिले की माणूस जास्त काम करतो’ एवढेच त्यातले लोकांच्या लक्षात राहिले. माझ्या मते खरा ऐवज 1931-32 मधल्या वायरिंगच्या खोलीत आहे. तिथल्या 14 कामगारांना पैसे गटाच्या कामावर मिळत, म्हणजे जास्त काम केले तर सगळ्यांचाच फायदा. तरीही दिवसाचे काम किती, हे त्यांनी आपसात ठरवून टाकले होते. कोणी फार पुढे गेला की त्याच्या दंडावर गुद्दा बसे. मंदीचे दिवस, काम वाढले तर दर कापतील ही धास्ती. एकी भक्कम होती, फक्त ती मालकाच्या हिशेबात बसत नव्हती.

पुढचा टप्पा ब्रिटनच्या कोळसा खाणींचा. कामाच्या ठिकाणी माणसे कशी वागतात याचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे एरिक ट्रिस्ट आणि पूर्वी स्वतः खाणीत राबलेले केन बॅमफर्थ यांनी 1951 मध्ये दाखवून दिले की यंत्रे आल्यावर जुन्या छोट्या जोड्या मोडल्या, कामाची पाळ्यांत वाटणी झाली आणि एका पाळीचे राहिलेले काम दुसरीच्या गळ्यात पडू लागले.

याच संस्थेचे ए. के. राइस 1953 मध्ये अहमदाबादला, साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये आले. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यातच होते. स्वयंचलित साचे, म्हणजे कापड विणणारे माग, बसवूनही उत्पादन म्हणावे तसे वाढले नव्हते. एका खात्यात 224 साचे, 29 कामगार आणि कामे 12 प्रकारची: विणणारा, बॉबिन भरणारा, तुटलेले ताणे (उभे धागे) जोडणारा, साचे दुरुस्त ठेवणारा जॉबर, तेल घालणारा, झाडूवाला. गोम वाटणीत होती. प्रत्येकाकडे साच्यांची संख्या वेगळी. त्यामुळे एखादा साचा बंद पडला की विणकराला आज या जोडाऱ्याला गाठावे लागे, उद्या त्या. जो तो आपल्या कामापुरता, साचा पूर्णपणे कोणाच्याच ताब्यात नाही.

राइस यांनी सुचवले की ठरावीक साच्यांची सगळी जबाबदारी एका छोट्या गटाकडे द्यावी. ही कल्पना कामगारांनीच उचलून धरली आणि कोण कोणाबरोबर काम करणार हेही आपसात ठरवून सात-सात जणांचे गट केले. सुरुवातीला उत्पादन वाढले, पण देखभालीकडे दुर्लक्ष होऊन खराब कापडही वाढले! ते सावरल्यावर साच्यांची कार्यक्षमता सुमारे 80 टक्क्यांवरून 95 पर्यंत गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण 32 टक्क्यांवरून 20 च्या आसपास आले. साचे तेच, माणसेही जवळपास तीच.

या कथेचा पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. 1970 मध्ये टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर पुन्हा त्या गिरणीत गेले. एका खात्यात गटपद्धत जवळपास जशीच्या तशी टिकून होती, कामही चोख चालले होते. इतर ठिकाणी मात्र ती झिजली होती. बाजाराच्या मागण्या बदलल्या, कापडाचे प्रकार बदलले, ताण वाढला तसे पर्यवेक्षक गटाच्या आतल्या कामात हात घालू लागले. गटाने सोडवायच्या अडचणी ते स्वतः सोडवू लागले. पद्धत बंद करा असा हुकूम कोणाला काढावाही लागला नाही.